डब्याचा अर्धा तास

दुपारी एक ते दोनच्या दरम्यान आपल्या कचेरीत किती बैठका लागतात, ते एकदा मोजून पाहावं. मनःस्वास्थ्यासाठी कंपनीनं कुठलं ॲप घेतलं, योगदिनाला किती सतरंज्या अंथरल्या गेल्या, समुपदेशकाचा नंबर कोणत्या फलकावर चिकटवला आहे, ही चौकशी नंतर केली तरी चालेल. माणसं एका हातात पोळीची गुंडाळी धरून दुसऱ्या हातानं माउस फिरवतात, कानात इअरफोन असतो, माइक बंद करून घास गिळतात आणि आपलं नाव पुकारलं गेलं की घाईघाईनं पाणी पितात. अशा ठिकाणी ‘वेलनेस वीक’ची तोरणं बांधून काही साधत नाही, असं माझं मत होत चाललं आहे. कामाच्या जागी माणसाचं मन कसं राहतं, हे बघायचं असेल तर तो कसा जेवतो, कुणाबरोबर जेवतो आणि मुळात जेवतो का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

हा अर्धा तास आपल्याला कुणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि फॅक्टरी कमिशनपुढे ठेवायला एक निवेदन तयार झालं. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या अगदी साध्या होत्या. रविवारी सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती असावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हावा, आणि कामावर जायबंदी झालेल्याला तो बरा होईपर्यंत पगार मिळावा. यातली रविवारची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. ती सुट्टी मिळाली ती १० जून १८९० ही तारीख दरवर्षी कुणी ना कुणी व्हॉट्सॲपवर पाठवतंच. त्याच कागदावरच्या दुपारच्या अर्ध्या तासाची आठवण मात्र कुणी काढत नाही. १८९१ च्या कारखाना कायद्यात तोही आला. बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबलं पाहिजे, असं त्यात लिहिलं गेलं. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यानं आणखी नीट लिहिलं. सलग पाच तासांहून जास्त काम घ्यायचं नाही, मध्ये निदान अर्धा तास सुट्टी द्यायची. दीडशेहून अधिक कामगार असतील तर बरोबर आणलेलं जेवण खाण्यासाठी खोली हवी आणि तिथं पिण्याचं पाणी हवं. अडीचशेहून अधिक असतील तर सरकारला कॅन्टीन काढायला लावता येईल, अशी तरतूद झाली. कायद्याच्या भाषेत डब्याचा विचार एवढ्या बारकाईनं झाला, कारण त्याआधी बऱ्याच लोकांनी यंत्राशेजारी, उडणाऱ्या कापसाच्या धुरळ्यात भाकरी मोडलेली होती.

आता गिरणीचा भोंगा नाही. ज्यांच्यासाठी भोंगा वाजत असे त्यांना निदान अर्धा तास चोख मिळत होता. ज्यांच्यासाठी तो कधीच वाजला नाही, त्या वातानुकूलित मजल्यांवरच्या लोकांनी आपला अर्धा तास आपल्याच हातानं कॅलेंडरच्या चौकोनात भरून टाकला आहे. ‘क्लायंटला तेवढीच वेळ जमते’ हे कारण असतं, आणि ते बऱ्याचदा खरंही असतं. हिंजवडीत किंवा पवईत दुपारचे दीड वाजतात तेव्हा लंडनमध्ये सकाळ झालेली असते. पण लंडनच्या माणसाला पुण्यातल्या माणसाच्या भुकेची वेळ कळवायची पद्धत आपल्याकडे पडली नाही, हेही तितकंच खरं.

त्या अर्ध्या तासात होतं तरी काय?

डबे उघडतात. कुणाचा दोन पुडांचा स्टीलचा, कुणाचा प्लॅस्टिकचा, कुणाचा मेसवाल्याकडून आलेला, ज्याच्या भाजीचा रंग आठवडाभर बदलत नाही. मग झाकणं फिरू लागतात. डब्याच्या झाकणावर वाढून घेणं आणि वाढून देणं, ही आपल्या कचेऱ्यांमधली फार जुनी रीत आहे. भरल्या वांग्यातलं एक वांगं, जवसाची चटणी, वालाची उसळ, कालच्या कार्यातला उरलेला लाडू. नांदेडहून किंवा लातूरहून नुकतीच नोकरीला आलेली, पेइंग गेस्ट म्हणून राहणारी मुलगी पहिले दोन दिवस कोपऱ्यात बसते, तिसऱ्या दिवशी तिच्यापुढे तीन झाकणं येतात, आणि महिनाभरात ‘काकू, ती चिंचेची आमटी परत कधी आणणार?’ असं ती अकाउंट्समधल्या बाईंना विचारू लागते. रुजू होण्याच्या दिवशी तिला कंपनीची मूल्यं सांगणाऱ्या चाळीस स्लाइड्स दाखवलेल्या असतात. आपण इथं टिकू, असं तिला वाटतं ते त्या आमटीपासून.

टेबलावरच्या गप्पांना विषय नसतो, आणि म्हणूनच तिथं सगळे विषय येतात. मुलाची अकरावीची प्रवेशफेरी, सासऱ्यांचं डायलिसिस, गावाकडच्या जमिनीची मोजणी, गुडघ्याचं ऑपरेशन कोणत्या डॉक्टरांकडे करावं, रक्ताचा कोणता गट कुणाचा आहे. ज्याच्या घरी डायलिसिस सुरू झालं आहे त्याला समुपदेशकापेक्षा आधी दुसरा माणूस हवा असतो, ज्याच्या घरी दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. तो माणूस बहुधा तीन टेबलं सोडून बसलेला असतो. संस्थेला त्याचा पत्ता नसतो, डब्याच्या टेबलाला असतो. बायकांच्या टेबलावर याच अर्ध्या तासात भिशी फिरते. त्या भिशीच्या पैशांतून अनामत भरली गेली, फ्रीज आला, एखादीनं नवऱ्याला न विचारता स्वतःचं खातं उघडलं. भावनिक आणि सामाजिक स्वास्थ्य असं जाडजूड नाव द्यायचं तर ते याच गोष्टींना द्यावं लागेल.

आणि एक प्रश्न तिथं सहज विचारला जातो, ‘काय हो, आज डबा नाही?’ पहिल्या दिवशी उत्तर येतं, उठायला उशीर झाला. दुसऱ्या दिवशीही तसंच काहीतरी. चौथ्या दिवशी शेजारचा माणूस न बोलता आपल्या झाकणात एक पोळी ठेवून त्याच्यापुढे सरकवतो, आणि मग केव्हातरी चहाच्या वेळी जिन्यात बोलणं होतं. बायको माहेरी गेली आहे आणि परत येईल असं दिसत नाही. किंवा आईला दवाखान्यात ठेवलं आहे. किंवा घरी सगळं ठीक आहे, पण घासच उतरत नाही, रात्र रात्र झोप नाही. आपल्याकडे ‘तुझं मन कसं आहे?’ असं एकदम विचारलं तर समोरचा गांगरतो, ‘मला काय झालंय?’ असं म्हणून सावरून बसतो. डब्याची चौकशी केली तर तो लाजत नाही. अन्नावरची वासना उडणं हे मन आजारी पडल्याचं फार लवकर दिसणारं चिन्ह आहे, असं कोणताही मनोविकारतज्ज्ञ सांगेल. तीन महिन्यांनी एकदा भरून घेतलेल्या पाहणीच्या फॉर्मवर ते उमटत नाही, कारण त्या फॉर्मवर सगळेच जण पाचपैकी चार ताऱ्यांवर खूण करतात.

रितेश बत्रा यांचा ‘द लंचबॉक्स’ हा २०१३ चा सिनेमा चुकलेल्या डब्यासाठी आणि त्यातल्या चिठ्ठ्यांसाठी लक्षात राहिला. मला त्यातलं दुसरं नातं जास्त मोलाचं वाटतं. निवृत्तीला आलेला, कुणाशी न बोलणारा साजन फर्नांडिस आणि त्याच्या जागी येणारा चिवट, बडबड्या शेख. शेखच्या जेवणात केळं आणि सफरचंद. साजन त्याला टाळत राहतो, तो येत राहतो, आणि एके दिवशी चुकून आलेल्या त्या डब्यातला वाटा शेखला मिळतो. तिथून पुढे साजन शेखला खऱ्या अर्थानं काम शिकवू लागतो. कचेरीत मैत्री कशी होते याचं इतकं नेमकं चित्रण दुसरीकडे क्वचितच सापडेल.

व्यवस्थापनाच्या शास्त्रानंही या गोष्टीला जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी हात लावला होता. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता, तिथं टेलिफोनची सामग्री बनत असे. १९२७ मध्ये तिथल्या पाच तरुण मुलींना एका वेगळ्या खोलीत बसवून रिले जोडण्याचं काम दिलं आणि त्यांच्या सुट्ट्यांचं गणित बदलून पाहिलं. कधी पाच मिनिटांची विश्रांती, कधी दहा, कधी सकाळच्या सुट्टीत कंपनीकडून खाणं. उत्पादन वाढत गेलं. पुढे सुट्ट्या आणि खाणं काढून घेतलं, तरी एकूण उत्पादन कोसळलं नाही. हार्वर्डच्या एल्टन मेयो यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून काढलेला निष्कर्ष आजही पाठ्यपुस्तकांत आहे. माणसं पगारासाठी काम करतातच, पण आपल्याकडे कुणाचं लक्ष आहे आणि आपला एक गट जमला आहे, यानं त्यांना हुरूप येतो. नंतरच्या संशोधकांनी त्यावर पुष्कळ झोड उठवली. पाच जणींवरून एवढा सिद्धान्त उभा करता येत नाही, आणि त्या खोलीतल्या मजुरीची पद्धतही बदलली होती, हे आक्षेप रास्त आहेत. मला मात्र त्या प्रयोगातली एक वेगळीच हकिगत राहून राहून आठवते. जानेवारी १९२८ मध्ये त्या पाचांतल्या दोघींना खोलीतून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघींना आणलं गेलं. तक्रार ही होती की त्या सहकार्य करत नाहीत आणि फार बोलतात.

कामगारांच्या आपुलकीचा शोध जिथं लागला, त्याच खोलीतून दोघींना गप्पा मारल्याबद्दल जावं लागलं. गप्पा हव्यात, पण कंपनीला हव्या तितक्या, हव्या त्या वेळी आणि हव्या त्या विषयावर, ही अडचण तेव्हापासून आजवर सुटलेली नाही.

म्हणून ‘टीम लंच’ बघितलं की मला थोडी धास्ती वाटते. हॉटेलात लांब टेबल, साहेब मध्यभागी, त्यांच्या विनोदाला हसायचं, प्रत्येकानं उभं राहून स्वतःबद्दलची एक गंमत सांगायची, मग समूह छायाचित्र, आणि संध्याकाळी लिंक्डइनवर ते छायाचित्र. पनीर उत्तम असतं. तिथं कुणी आईच्या डायलिसिसबद्दल बोलत नाही. आणखी एक प्रकार निघाला आहे तो जेवता जेवता प्रशिक्षणाचा. पिझ्झा कंपनीचा, पण तो खाताना सायबर सुरक्षेवरचं व्याख्यान ऐकायचं. म्हणजे अर्धा तासही गेला आणि पिझ्झाही गेला.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या केविन निफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या शहरातल्या अग्निशमन केंद्रांचा अभ्यास करून २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. ज्या केंद्रांतले जवान एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवतात, त्या तुकड्यांची कामगिरी चांगली असल्याचं त्यांना आढळलं. यातून एक गोष्ट दुसरीमुळेच होते असं ठामपणे म्हणता येत नाही. चांगल्या तुकड्याच एकत्र जेवत असतील, असंही असू शकतं. पण त्यातले दोन तपशील ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. जेवणाचा खर्च जवान स्वतः वर्गणी काढून करत. आणि ज्या केंद्रांत एकत्र जेवण होत नसे, तिथल्या लोकांना त्याबद्दल विचारलं तर ते ओशाळत. आपल्या घरातलं काहीतरी बिनसलं आहे हे बाहेरच्याला कळावं, तसे. हे जेवण वरून आलेल्या परिपत्रकानं सुरू झालेलं नव्हतं.

आपल्याकडेही हे जुळतं ते असंच, कुणी न सांगता. रात्रपाळीच्या परिचारिका वॉर्ड शांत झाला की रात्री एक-दीडला एकमेकींचे डबे उघडतात, एक जण दाराकडे लक्ष ठेवते. मुक्कामाच्या एसटीचे चालक आणि वाहक परक्या गावात एकाच कागदावर भाकरी-पिठलं खातात. दिवसभर एक पुढे आणि एक मागे असतो, बोलणं फक्त घंटीच्या दोरीनं, आणि खरी ओळख होते ती रात्री. शाळेच्या शिक्षक-खोलीत मधल्या सुट्टीत जे चालतं त्यावर तर स्वतंत्र पुस्तक होईल.

पण टेबलाचं गुणगान गाताना एक गोष्ट दडवून चालणार नाही. एकत्र जेवण माणसाला जवळ घेतं, तितक्याच सफाईनं ते त्याला बाहेरही ठेवतं. निदान या देशात तरी जेवणाची पंगत कधी निरागस नव्हती. ज्या गिरण्यांच्या एकजुटीचे पोवाडे आपण गातो, त्यांच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. विणताना धोट्यातला तुटलेला दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि त्यांच्या तोंडचा धोटा इतरांना चालत नसे. साळखात्यात मजुरी जास्त, म्हणजे विटाळाची किंमत दर महिन्याच्या पगारात मोजली जाई. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उभा केला. सगळ्यांच्या हक्कांसाठी संप आहे, तर या हक्काचं काय? तेव्हा पुढाऱ्यांना तो प्रश्न अवघड गेला होता.

आज धोटा नाही, मायक्रोवेव्ह आहे. त्यावर कुठं कुठं कागद चिकटवलेला असतो, ‘कृपया मांसाहारी पदार्थ गरम करू नयेत.’ २०१४ मध्ये चेन्नईतल्या एका नामवंत इंग्रजी दैनिकाच्या कचेरीत कॅन्टीनमध्ये सामिष डबा आणू नये अशी सूचना निघाली आणि तिच्यावर बराच वाद झाला. आपल्याकडे सूचना सहसा लागतही नाही. कुणीतरी नाक मुरडतं, कुणीतरी ‘वास येतो’ असं हसत म्हणतं, आणि रत्नागिरीची मुलगी दुसऱ्या दिवसापासून सुकटीऐवजी बटाट्याची भाजी आणू लागते. हळूहळू ती वेगळीच जेवायला बसते. वर्षाच्या शेवटच्या मूल्यमापनात तिच्याबद्दल लिहिलं जातं, गटात मिसळत नाही.

सफाईच्या बाईंना आपण मावशी म्हणतो, शिपायांना मामा. नातं जोडायला आपली जीभ कधीच कचरत नाही. या मावशी आणि मामा कुठं जेवतात, हे दहाजणांना विचारून पाहा, आठांना सांगता येणार नाही. ते कंत्राटदाराचे लोक असतात, कॅन्टीनच्या कार्डावर त्यांचं नाव नसतं. त्यांचा डबा सामानाच्या खोलीत, जिन्याखाली किंवा तळघरात उघडतो, तोही सगळ्यांची टेबलं पुसून झाल्यावर. मनःस्वास्थ्याच्या कार्यशाळेच्या खुर्च्या मांडतात तेच, आणि त्या खुर्च्यांवर बसायचं निमंत्रण त्यांना नसतं. साहेबांचं जेवण केबिनमध्ये होतं, ही याचीच दुसरी बाजू. साहेब एकटे जेवतात आणि मग वरच्या जागेवर फार एकटं वाटतं असं मुलाखतीत सांगतात.

आणि हा डबा करतं कोण? सहा वाजता निघणाऱ्या लोकलसाठी कुणीतरी चारला उठलेलं असतं. पुरुषांच्या टेबलावर ‘वहिनींच्या हाताला चव आहे’ असं म्हणतात, आणि बायकांच्या टेबलावर ज्या वहिनी बसलेल्या असतात त्या स्वतःच्या हातचंच, गार झालेलं खातात. गिरणगावात बाया-पोरं गावाला ठेवून आलेल्या हजारो एकट्या पुरुषांना जेवू घातलं ते खानावळवाल्या बायकांनी, दहा बाय दहाच्या खोलीत, महिन्याच्या खात्यावर. कोण तापानं पडला आहे, कुणाच्या घरून पत्र आलं नाही, कोण दारूला लागला आहे, हे त्यांना मुकादमाआधी कळायचं. या बायकांच्या कष्टांना कुणी काम मानत नव्हतं आणि त्यांना बँक दारात उभी करत नव्हती. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. कामगारांच्या स्वास्थ्याचा इतिहास लिहिताना गिरणीच्या दवाखान्याबरोबर त्या खोल्याही धराव्या लागतील.

ज्यांच्या कामात टेबलच नाही, त्यांचं काय करायचं, हा प्रश्न मला सुटलेला नाही. केरळात कापडाच्या दुकानांतल्या विक्रेत्या मुलींना दिवसभर बसायला मनाई असे. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं. कोळिकोडच्या मिठाई तेरुवु या बाजारपेठेतल्या बायकांनी ‘पेण्कूट्ट’ नावाची संघटना बांधून बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं लढा दिला, आणि २०१८ मध्ये केरळनं दुकानांच्या कायद्यात तो हक्क घातला. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही घातला. खुर्चीसाठी कायदा करावा लागतो, मग जेवणासाठी काय करावं लागेल! आपण एक वाजता ॲपवरून मागवलेलं जेवण घेऊन येणारा मुलगा आपल्या जेवणाच्या वेळी सर्वांत जास्त पळत असतो. त्याचं जेवण चारला, दुचाकीच्या सीटवर, हेल्मेट काढून. त्याला ना पंगत, ना झाकणात भाजी वाढणारं कुणी, आणि ‘आज डबा नाही?’ असं विचारायला त्याचा वरिष्ठ म्हणजे फोनमधला नकाशा.

(‘जेवणाची वेळ २ ते २.३०’ अशी पाटी बघून बँकेच्या खिडकीपाशी चिडलेला माणूस मीही आहे. त्या पाटीवर विनोद करणं फार सोपं आहे. हल्ली मी मुकाट्यानं बाकावर बसतो, आतून कुकरच्या डब्यातल्या वरणाचा वास येतो, आणि अर्ध्या तासानं खिडकीवरची बाई बऱ्या चेहऱ्यानं बोलते.)

झाकणात आलेल्या लोणच्याच्या फोडीनं कामाचा बोजा उतरत नाही, हेही सांगून टाकायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या, नीट न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती, असं म्हटलं. म्हणजे मूळ कामाच्या रचनेत आहे. चार माणसांचं काम दोघांवर टाकलं असेल, रजा मागितली की कपाळाला आठ्या पडत असतील, रात्री अकराला ‘जरा बघून घे’ असा निरोप येत असेल, तर दुपारच्या टेबलावर फार तर त्याची चर्चा होईल. ती चर्चा मात्र व्हायला हवी, आणि ती कुठंतरी वरपर्यंत पोचायला हवी.

इथं संशोधक एमी एडमंडसन यांचं काम आठवतं. नव्वदच्या दशकात त्या रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. उत्तम तुकड्यांकडून कमी चुका होतील, असा सरळ अंदाज. आकडे आले ते उलटे. चांगल्या तुकड्यांच्या नावावर जास्त चुका नोंदलेल्या. पुढे उलगडा झाला की त्या तुकड्या जास्त चुकत असतील असं नाही, त्या चुका बोलून दाखवत होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या झाकल्या जात. वरिष्ठासमोर ‘हे मला जमलं नाही’ किंवा ‘हे तुम्ही बरोबर करत नाही’ असं म्हणता येणं, हीच त्या तुकड्यांची प्रकृती.

असं बोलायची सवय एकदम लागत नाही. ती लहान गोष्टींवर लावावी लागते, आणि त्यासाठी जेवणाइतका सोयीचा विषय नाही. १९४८ च्या कायद्यानं कॅन्टीनची एक व्यवस्थापन समिती कल्पिली होती, आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी असावेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. कारखान्यातल्या या समितीच्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की बोनसच्या वाटाघाटी त्यापुढे सौम्य वाटतात. आमटीत डाळ पोहून शोधावी लागते, पोळ्या सकाळच्या असतात, शुक्रवारची अंडी कुणी बंद केली, चहाला दूध दाखवता तरी का. फिटर आणि जनरल मॅनेजर समोरासमोर बसून मिठावर भांडतात, आणि मॅनेजरला तीच आमटी वाटीत घेऊन चाखावी लागते. ज्या कचेरीत किंवा कारखान्यात पाचशे माणसं कामाला आहेत तिथं अशी एक समिती काढायला कुठल्याही सल्लागाराची फी पडत नाही. तिच्यात कंत्राटदाराच्या लोकांपैकी दोघांना घ्या, त्यातली एक टेबलं पुसणारी मावशी असू द्या, आणि बैठक एक ते दोनमध्ये ठेवू नका. पहिले सहा महिने फक्त पोळ्यांवर वाद होईल. होऊ द्यावा. सातव्या महिन्यात कुणीतरी म्हणेल की पोळ्यांचं राहू द्या साहेब, तीन नंबरच्या प्रेसचं गार्ड ढिलं झालंय आणि आम्ही घाबरून काम करतोय.